नेताजींना घेऊन गेलेली यू-१८०: बोट कशी होती, इंजिनं का फसली, शेवट काय झाला

प्रश्न असा आहे: सुभाषबाबू १९४३ मध्ये जर्मनीतून ज्या पाणबुडीनं निघाले ती नेमकी कशी होती, तिनंच त्यांना थेट पूर्वेला का पोहोचवलं नाही, भर समुद्रात जपानी पाणबुडीत का उतरावं लागलं आणि पुढे त्या जर्मन बोटीचं काय झालं?

मी नौदलात इंजिनरूमचा माणूस. आधी फॉक्सट्रॉट वर्गाच्या रशियन बोटी, मग शिशुमार वर्गाच्या जर्मन बनावटीच्या बोटी, असा डिझेल इंजिनांच्या सोबतीनंच सगळा काळ गेला. त्यामुळे उत्तरही इंजिनरूमच्या बाजूनं देणार आहे. यू-१८० च्या बाबतीत ते योग्यही आहे. तिच्या कप्तानाबद्दल आणि प्रवाशांबद्दल बरंच लिहिलं गेलंय, पण तिचं नशीब ठरवलं ते तिच्या पोटातल्या सहा डिझेल इंजिनांनी, आणि त्यांच्याबद्दल मराठीत कुठे वाचल्याचं आठवत नाही.

यू-१८० ब्रेमेनच्या आ-गे वेझर गोदीत बांधली गेली. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिचा कणा ठेवला, डिसेंबर १९४१ मध्ये ती पाण्यात उतरली आणि १६ मे १९४२ रोजी वेर्नर मुझेनबर्ग यांच्या हाताखाली नौदलात दाखल झाली. तिचा प्रकार नऊ-डी-एक. जर्मन पाणबुड्या म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येते ती प्रकार सातची आटोपशीर बोट, अटलांटिकमध्ये टोळीनं शिकार करणारी. प्रकार नऊ ही मोठी बोट, दूरच्या समुद्रांसाठी. तिच्यात आतलं दाबकवच आणि त्याभोवती दुसरं कवच, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत बॅलास्टच्या, म्हणजे बुडी मारताना पाणी भरायच्या टाक्या आणि डिझेलच्या टाक्या. डिझेलच्या या टाक्या खालून समुद्राला उघड्या असतात. जसजसं डिझेल वापरलं जातं तसतसं खालून समुद्राचं पाणी त्याची जागा घेतं. टाकी कधी रिकामी राहत नाही, म्हणून तिला बाहेरच्या पाण्याचा दाबही सोसावा लागत नाही. पण खारं पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे प्रवास पुढे सरकेल तशी बोट जड होत जाते आणि रोज हिशोब करून तोल सांभाळावा लागतो. आमच्याकडेही हेच काम असायचं, आणि ते करणारा माणूस चुकला तर बुडी मारताना सगळ्या बोटीला कळतं.

प्रकार नऊ-डी म्हणजे याच बोटीची ताणून लांब केलेली आवृत्ती. लांबी ८७.५ मीटर, रुंदी ७.५ मीटर, पृष्ठभागावर असताना वजन सुमारे १,६०० टन. विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली आयएनएस कुरसुरा तुमच्यापैकी अनेकांनी आतून पाहिली असेल. ती फॉक्सट्रॉट ९१ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद आहे, म्हणजे आकारानं यू-१८० ची जवळजवळ जुळी बहीण. कुरसुराच्या आतल्या बोळातून अंग चोरत चालताना जे वाटतं, साधारण तेवढ्याच जागेत सुभाषबाबू आणि त्यांचे सहकारी आबिद हसन अडीच महिने राहिले, साठेक खलाशांबरोबर.

आता इंजिनं. नऊ-डी प्रकाराचे दोन उपप्रकार काढले गेले. नऊ-डी-दोनमध्ये मान कंपनीची दोन मोठी नऊ सिलिंडरची डिझेल इंजिनं होती, शिवाय शांतपणे रस्ता कापायला दोन छोटी. मोठ्या इंजिनाचा सिलिंडर ४०० मिलिमीटर व्यासाचा, पिस्टनचा फेरा (स्ट्रोक) ४६० मिलिमीटरचा आणि इंजिन फिरण्याचा वेग मिनिटाला ४७० फेरे. अवजड, संथ आणि भरवशाची यंत्रं. नऊ-डी-एकमध्ये मात्र वेगाचा ध्यास घेतला गेला. त्यासाठी डाइमलर-बेन्झची एमबी ५०१ इंजिनं निवडली. ही मूळची जर्मन नौदलाच्या वेगवान टॉर्पेडो बोटींची. व्ही आकारात वीस सिलिंडर, व्यास १८५ मिलिमीटर, फेरा २५० मिलिमीटर, आणि वेग मिनिटाला पंधराशे फेऱ्यांच्या घरातला. अशी सहा इंजिनं, पंखा फिरवणाऱ्या प्रत्येक शाफ्टला तीन, गिअरनं जोडलेली. एकूण ताकद ९,००० अश्वशक्ती.

कागदावर हे सुंदर दिसतं. पृष्ठभागावर २०.८ नॉट (तासाला तेवढे सागरी मैल) वेग, कुठल्याही जर्मन पाणबुडीच्या तुलनेत भारी. पण हिशोब मांडून बघा. नऊ-डी-दोनमध्ये छोटी-मोठी सगळी इंजिनं मिळून ५,४०० अश्वशक्ती होती आणि ती १९.२ नॉटनं जायची. म्हणजे दीड नॉटपेक्षा थोडा जास्त वेग मिळवायला ३,६०० अश्वशक्ती जादा ओतली. पाण्यात हे असंच होतं. वेग वाढवत गेलं की लागणारी ताकद वेगाच्या कितीतरी पट चढत जाते, आणि त्या ताकदीची किंमत डिझेलमध्ये मोजावी लागते. नऊ-डी-दोनची पोच १० नॉटच्या चालीला ३०,००० सागरी मैलांहून अधिक होती. नऊ-डी-एकची त्याच्या निम्म्याहूनही कमी. दूरच्या समुद्रासाठी बांधलेल्या बोटीला दूर जाणंच महाग पडलं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्या २५० मिलिमीटरच्या फेऱ्याची दुप्पट करून (एकदा वर, एकदा खाली) तिला मिनिटाच्या १,५०० फेऱ्यांनी गुणलं आणि ६० सेकंदांनी भागलं तर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला बारा मीटरच्या पुढे जातो. मानच्या इंजिनात तो सात मीटरच्या आसपास. पिस्टन जितका वेगानं धावतो तितकी रिंग, लायनर आणि बेअरिंगची झीज जास्त, तितकी उष्णता जास्त. टॉर्पेडो बोट रात्री बाहेर पडते, काही तास सुसाट पळते, सकाळी धक्क्याला लागते आणि दिवसभर फिटर तिच्यावर काम करतात. तिथे हे इंजिन उत्तम होतं, त्याच्या नावाला मी बट्टा लावणार नाही. पण पाणबुडी महिनोन्‌महिने धक्क्यापासून दूर असते आणि बहुतेक वेळ आठ-दहा नॉटनं रेंगाळत जाते. शर्यतीचा खोंड नांगराला जुंपला तर खोंडाचा दोष काय? जलद फिरणारं डिझेल कमी भारावर दिवसेंदिवस चालवलं की सिलिंडर पुरेसा तापत नाही, इंधन पूर्ण जळत नाही, इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी कार्बन साचतो आणि एक्झॉस्टमधून काळा धूर निघतो. पाणबुडीसाठी धूर म्हणजे क्षितिजापलीकडच्या शत्रूला दिलेली हाक.

यू-१८० च्या इंजिनांबद्दल तक्रारी झाल्या त्या याच: धूर, भयंकर उष्णता आणि इंधनाची भूक. ही नेमकी कशी उष्णता ते इंजिनरूममध्ये उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या फॉक्सट्रॉटमध्ये तीन डिझेल इंजिनं होती. अरबी समुद्रात मे महिन्यात पृष्ठभागावर धावत असताना तिथे पहारा करणारा माणूस बनियनवर असायचा आणि तेही पिळून काढावं लागायचं. हाताला कापड गुंडाळल्याशिवाय रेलिंग धरता यायचं नाही. यू-१८० मध्ये जवळपास तेवढ्याच जागेत सहा इंजिनं, १२० सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टर, व्हॉल्व्ह, त्यांच्या नळ्या, सांधे. शेजारच्या इंजिनाच्या मागचा इंजेक्टर बदलायचा तर माणसानं आडवं होऊन, एका खांद्यावर तोल सांभाळत, चालू इंजिनाच्या तापलेल्या नळ्यांच्या मधून हात घालायचा. बोट डावी-उजवी झुलतेय, तेल ठिबकतंय, घामानं पाना निसटतोय. बोट विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे निघाली तेव्हा तिथल्या पोरांची काय अवस्था झाली असेल याची मला पुरती कल्पना आहे. अशा इंजिनांवर ती बोट केप ऑफ गुड होपला वळसा घालून परत आली, याचं श्रेय आधी त्या मेकॅनिकांना जातं.

पाण्याखाली ही सगळी ताकद निरुपयोगी. तिथे हवा नाही म्हणून डिझेल बंद, आणि बॅटरीवर चालणाऱ्या दोन विजेच्या मोटारी. पाण्याखालचा सर्वाधिक वेग सातेक नॉट, तोही तास-दीड तास टिकणारा. दोन नॉटनं सरपटत राहिलं तर एक-दोन दिवस काढता यायचे. म्हणून त्या काळातली पाणबुडी खरं तर गरज पडल्यावर बुडणारी बोट होती. दिवस-रात्र वर राहायचं, बॅटरी भरून घ्यायची आणि विमान दिसलं की धावत जाऊन बुडी मारायची. प्रकार नऊला बुडी मारायला साधारण पस्तीस सेकंद लागायचे, आणि डी तर अधिक लांब, अधिक जड. नाक लवकर खाली जावं म्हणून रिकाम्या हाताची सगळी माणसं पुढच्या टॉर्पेडो कप्प्याकडे पळत. आजही सराव करताना माणसांच्या हालचालीनं बोटीचा तोल कसा बदलतो हे नव्या पोरांना असंच दाखवतात.

९ फेब्रुवारी १९४३ रोजी यू-१८० कीलहून निघाली. नॉर्वेच्या किनाऱ्यानं वर, मग आइसलँड आणि फॅरो बेटांच्या मधून अटलांटिकमध्ये. हिवाळ्यातला तो टप्पा समुद्रानं हाडं खिळखिळी करणारा, पण त्याच खराब हवेमुळे विमानांचा धोका कमी. त्या वेळी जर्मन बोटींवर रडारची चाहूल देणारं मेटॉक्स नावाचं उपकरण असायचं. ते दीड मीटर तरंगलांबीच्या जुन्या रडारला ओळखायचं. १९४३ च्या सुरुवातीला मित्रराष्ट्रांच्या विमानांवर दहा सेंटिमीटरचं नवं रडार येऊ लागलं आणि मेटॉक्स त्याच्यापुढे बहिरं ठरलं. यू-१८० परतीच्या वाटेवर असताना, त्या मे महिन्यात, जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि जर्मन नौदलाचे प्रमुख ड्योनित्झ यांना उत्तर अटलांटिकमधून टोळ्या मागे घ्याव्या लागल्या. सुभाषबाबूंचा प्रवास तीन महिने उशिरा ठरला असता तर त्याचा निकाल वेगळा लागण्याची शक्यता मोठी होती.

बोटीतलं आयुष्य कसं होतं याबद्दल आबिद हसन यांनी पुढे बरंच सांगितलं. डिझेलचा वास सगळ्या गोष्टींना चिकटलेला, पावाला आणि पांघरुणालासुद्धा. हे मी शब्दशः खरं मानतो. आम्ही सुट्टीवर घरी गेलो की आई कपडे अंगणातच काढायला लावायची, आणि दोन धुण्यांनंतरही वास राहायचा. हसन यांना कोठारात तांदूळ आणि डाळ सापडली आणि त्यांनी सुभाषबाबूंसाठी खिचडीसारखं काही रांधलं, हीही त्यांचीच आठवण. एवढ्या गर्दीत, एवढ्या गोंगाटात सुभाषबाबू काम करत होते. आपल्या जुन्या पुस्तकात दुरुस्त्या करत होते, भाषणांची टिपणं सांगत होते, आणि जपानचे पंतप्रधान तोजो भेटल्यावर काय विचारतील याचा सराव हसनना तोजोच्या जागी बसवून करत होते. बोटीवर पहिल्यांदा आलेला माणूस पहिले आठ-दहा दिवस बंकवरून उठतही नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हणून या गोष्टीचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

ही बोट प्रवासी वाहतुकीसाठी निघाली नव्हती, हेही सांगायला हवं. १८ एप्रिल १९४३ रोजी दक्षिण आफ्रिकेजवळ तिनं कॉर्बिस हे ८,१३२ टनांचं ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. जहाजावरचे बहुतेक खलाशी मेले. सुभाषबाबू तेव्हा बोटीतच होते. परतताना ३ जूनला तिनं बोरिस हे ५,१६६ टनांचं ग्रीक जहाज बुडवलं. एवढीच तिची शिकार, दोन जहाजं. युद्धनौका म्हणून हा हिशोब किरकोळ आहे.

मग थेट पूर्वेला का नेलं नाही? एक तर वर सांगितलेली इंधनाची अडचण. वाटेत समुद्रातच दुसऱ्या पाणबुडीकडून डिझेल घेण्यावर असल्या प्रवासांचं गणित उभं असायचं, आणि हिंदी महासागराच्या पूर्व भागात जर्मनांची तशी सोय तेव्हा नव्हती. दुसरं म्हणजे जर्मनी आणि जपान यांनी जानेवारी १९४२ मध्ये युद्धक्षेत्रं वाटून घेतली होती, ७० अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला जर्मनी आणि पूर्वेला जपान. तिसरं, जपानी बोटीलाही जर्मनांना काही माल आणि माणसं द्यायची होती. भारताच्या किनाऱ्यावर उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. तो किनारा ब्रिटिशांच्या ताब्यात, आणि सुभाषबाबूंना पोहोचायचं होतं ते पूर्व आशियातल्या हिंदी युद्धकैद्यांपर्यंत आणि तिथल्या हिंदी लोकांपर्यंत.

२६ एप्रिल रोजी मादागास्करच्या आग्नेयेला यू-१८० आणि जपानी पाणबुडी आय-२९ यांची भेट झाली. समुद्र खवळलेला होता. दोन्ही बोटी एकमेकींजवळ राहून ईशान्येकडे चालत राहिल्या आणि २८ तारखेला सुभाषबाबू आणि हसन रबराच्या होडीतून पलीकडे गेले. लोक विचारतात, दोन बोटी एकमेकींना लावून फळी का टाकली नाही? याचं कारण पाणबुडीच्या आकारात आहे. तिचं अंग पाण्याखाली गोल फुगलेलं असतं आणि पाण्यावर दिसतं त्यापेक्षा बाहेर आलेलं असतं. पुढे-मागे खोली सांभाळणारे पंख बाजूला निघालेले. लाटेवर दोन बोटी वेगवेगळ्या ठेक्यानं वर-खाली होतात. त्या जवळ आल्या तर डेक एकमेकांना लागायच्या आधी पाण्याखाली टाक्या आदळतात आणि फाटतात, पंख वाकतात. टाकी फुटलेली पाणबुडी बुडी मारू शकेल, पण वर येईलच याची खात्री नाही. म्हणून अंतर ठेवायचं, दोर फेकायचा आणि दोराच्या आधारानं होडी ओढायची. पाणबुडीचा डेक पाण्यापासून जेमतेम मीटर-दीड मीटर उंच आणि कायम ओला. लाट डेकवरून धुऊन जाते तेव्हा कमरेचा पट्टा दोराला अडकवलेला नसेल तर धडधाकट खलाशीही वाहून जातो. दोन वेगवेगळ्या देशांच्या पाणबुड्यांमध्ये एखाद्या नागरिकाला असं हलवल्याचं त्या युद्धातलं हे एकमेव उदाहरण मानलं जातं.

पलीकडून यू-१८० वर आले ते दोन जपानी अधिकारी, तेत्सुशिरो एमी आणि हिदेओ तोमोनागा. शिवाय बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी सुमारे दोन टन सोनं. तोमोनागा हे पाणबुड्यांचे अभियंते. पाणबुडीला इंजिन न चालवता आपोआप एकाच खोलीवर ठेवणारी यंत्रणा त्यांच्या नावावर आहे, आणि ज्यानं हे काम हातानं केलंय त्याला तिचं मोल सांगावं लागत नाही. एप्रिल १९४५ मध्ये ते यू-२३४ या जर्मन पाणबुडीतून जपानला परत निघाले होते. जर्मनीचा पाडाव झाल्यावर ती बोट शरण जायला निघाली तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं बोटीवरच जीव दिला.

आय-२९ बद्दल एक गोष्ट मुंबईकर म्हणून सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी, म्हणजे सुभाषबाबूंना घ्यायच्या पाच महिने आधी, याच बोटीनं अरबी समुद्रात एस. एस. तिलावा बुडवली. ती मुंबईहून पूर्व आफ्रिकेकडे निघालेली प्रवासी बोट होती. नऊशेहून अधिक लोक तिच्यावर होते आणि त्यातले २८० मेले. नोकरी-धंद्यासाठी निघालेली साधी माणसं, बायकामुलं. नेताजींच्या प्रवासाची गोष्ट सांगताना आय-२९ चं नाव आदरानं येतं, आणि तिलावाची गोष्ट त्याच नावापाशी येऊन थांबते. मला दोन्ही एकत्रच सांगाव्याशा वाटतात. पुढे आय-२९ मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुमात्राच्या टोकाशी असलेल्या साबांग बंदराला पोहोचली आणि सुभाषबाबू तिथून विमानानं टोकियोला गेले. २६ जुलै १९४४ रोजी अमेरिकन पाणबुडी सॉफिशनं आय-२९ बुडवली. तेव्हा ती युरोपातून जर्मन जेट विमानांचं तंत्रज्ञान घेऊन परतत होती.

याच काळात हे युद्ध आपल्या किनाऱ्यालाही लागलेलं होतं. यू-१८० अटलांटिकमध्ये असताना, ९ मार्च १९४३ च्या रात्री, मुरगाव बंदरात अडकून पडलेल्या एरनफेल्स या जर्मन जहाजावर ब्रिटिशांनी कोलकात्याहून आणलेल्या स्वयंसेवकांकरवी छापा घातला. तिथून बिनतारी यंत्रावर पाणबुड्यांना जहाजांची माहिती जाते असा ब्रिटिशांचा संशय होता. एरनफेल्स आणि तिच्या शेजारची जहाजं त्या रात्री जळून बुडाली. आणि ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-१६८ या जर्मन पाणबुडीनं मुंबईच्या पश्चिमेला हायचिंग नावाचं ब्रिटिश जहाज बुडवलं. मलायातल्या पेनांगला जर्मन बोटींचा तळ झाला तो याच सुमारास.

यू-१८० मात्र ३ जुलै १९४३ रोजी फ्रान्समधल्या बोर्दोला परतली. पावणेपाच महिन्यांची फेरी. ती सुखरूप आली, पण इंजिनांचा निकाल लागला होता. सहाही एमबी ५०१ काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या जागी जर्मानियावेर्फ्ट कंपनीची दोन साधी इंजिनं बसवली, प्रकार सातच्या बोटींवर असायची त्या जातीची. ९,००० वरून ताकद २,८०० अश्वशक्तीवर आली, वेग २०.८ वरून १५.८ नॉटवर. ताकदीचा एक तृतीयांशही भाग उरला नाही, पण वेगाचा तीन चतुर्थांश शिल्लक राहिला. एवढ्या एका बदलात मूळ निवडीची चूक कळते. टॉर्पेडोच्या नळ्याही काढल्या आणि बोट मालवाहू झाली, सुमारे २५० टन माल नेणारी. त्याच प्रकाराची दुसरी आणि शेवटची बोट यू-१९५, तिचंही हेच झालं. नऊ-डी-एकच्या या दोनच बोटी बांधल्या गेल्या. नऊ-डी-दोनच्या मात्र तीसेक बांधल्या.

ऑगस्ट १९४४ मध्ये मित्रराष्ट्रांची फौज फ्रान्समध्ये पुढे सरकत होती आणि जर्मन बोर्दो सोडत होते. यू-१८० नवे कप्तान रोल्फ रीझन यांच्या हाताखाली जपानकडे जायला निघाली. २३ ऑगस्टनंतर तिचा पत्ता लागला नाही. बोटीवरचे सगळे ५६ जण गेले. बंदराबाहेर पेरलेल्या सुरुंगावर ती गेली असं आधी धरलं जायचं. श्नॉर्केलमध्ये बिघाड झाला असावा असंही म्हणतात. श्नॉर्केल म्हणजे पाण्याखालून डिझेल चालवता यावीत म्हणून वर काढलेली हवेची नळी. तिच्या तोंडाशी लाट आली की झडप बंद होते, पण इंजिन हवा ओढत राहतं, आणि ती हवा बोटीच्या आतून जाते. क्षणात कानाचे पडदे ताणले जातात. झडप वेळेवर उघडली नाही आणि इंजिन वेळेवर बंद केलं नाही तर माणसं गुदमरतात, किंवा एक्झॉस्टचा विषारी वायू आत परत येतो. हे काम आम्हीही करत होतो, सुधारलेल्या यंत्रणेवर आणि शांततेच्या काळात, आणि तरीही त्या पाळीत कुणी गप्पा मारायचं नाही. घाईघाईत बसवलेली नळी, बाहेर सुरुंग, वर शत्रूची विमानं. यातलं काहीही पुरेसं होतं. तिची बहीण यू-१९५ त्याच सुमारास बोर्दोहून निघून सुखरूप बटाव्हियाला (आजचं जकार्ता) पोहोचली. जर्मनी शरण गेल्यावर जपान्यांनी ती ताब्यात घेतली आणि तिला आय-५०६ असा क्रमांक दिला.

एक शेवटचा तांत्रिक मुद्दा, कारण तो नेहमी विचारला जातो: मग जलद फिरणारी डिझेल इंजिनं पाणबुडीला चालतच नाहीत का? चालतात. आमच्या शिशुमार वर्गाच्या पहिल्या दोन बोटी १९८६ मध्ये कीललाच नौदलात आल्या, शाल्की आणि शंकुल मुंबईत माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. त्यांच्यातली एमटीयू या जर्मन कंपनीची डिझेल इंजिनं डाइमलर-बेन्झच्याच घराण्यातली, हलकी आणि जलद. फरक जोडणीत आहे. तिथे डिझेलचा शाफ्टशी काही संबंधच नाही. ते फक्त जनित्र फिरवतं, बॅटरी भरतं आणि बंद होतं. चालतं तेव्हा ठरलेल्या वेगावर आणि ठरलेल्या भारावर चालतं, तासन्‌तास रेंगाळत नाही. बोट सदैव विजेच्या मोटारीवर. यू-१८० मध्ये तीच इंजिनं जनित्राला जोडली असती तर कदाचित ती आणखी बरीच वर्षं टिकली असती, पण तेवढी बॅटरी आणि तेवढी मोटार त्या बोटीत नव्हती.

यू-१८० चं काही उरलेलं नाही. प्रकार नऊ आतून बघायचा असेल तर शिकागोच्या विज्ञान संग्रहालयात यू-५०५ आहे, जून १९४४ मध्ये अमेरिकनांनी समुद्रात पकडलेली. कीलजवळ लाबोला यू-९९५ किनाऱ्यावर उभी आहे, पण ती प्रकार सातची, बरीच लहान. भारतात राहणाऱ्यांना कुरसुराच जवळची. तिकडे गेलात तर टॉर्पेडोच्या नळ्यांपाशी फोटो काढून झाल्यावर मागच्या डिझेल कप्प्यात थोडा वेळ थांबा. तिथे तीन इंजिनं आहेत. त्यांच्या मधल्या जागेत आडवं होऊन खालच्या नळीपर्यंत हात पोहोचतो का ते बघा.